कॅम्पर व्हॅन किती लांबीची घ्यावी? टेप हातात घेऊन ठरवा

कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घ्यायची असं ठरलं की सगळे आधी फोटो बघत बसतात. लाकडी ओटा, पिवळे दिवे, मागचे दरवाजे सताड उघडे आणि समोर तळं. गाडीची लांबी माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दिलेली असते, आणि सुरुवात करायची असते ती त्याच पानापासून. गाद्या, पडदे, शेगडी, बॅटरी पुढे कधीही बदलता येतात. लांबी मात्र गाडी विकेपर्यंत तीच राहते.

हे मार्गदर्शन दोन माणसांसाठी, फार तर सोबत एकदोन लहान मुलं असलेल्यांसाठी आहे. साडेचार ते साडेसहा मीटर या टप्प्यातल्या गाड्यांचाच विचार इथे केला आहे. त्याहून मोठ्या गाड्यांचं गणित वेगळं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. रोज रात्री पलंग जोडावा आणि रोज सकाळी मोडावा लागणार नाही, अशी जी सगळ्यात आखूड गाडी मिळेल, ती तुमची गाडी. त्याहून आखूड घेतली तर रोजची कटकट मागे लागते, त्याहून लांब घेतली तर प्रत्येक पार्किंगला घाम फुटतो. आता ही लांबी काढायची कशी, ते टप्प्याटप्प्याने बघू.

हाताशी एवढं असू द्या:

- किमान ८ मीटरची टेप (५ मीटरची टेप नेमकी गाडीच्या लांबीला कमी पडते)
- रंगकामाची कागदी चिकटपट्टी, नाहीतर खडू
- वही, आणि त्यात घरातल्या प्रत्येकाची उंची
- फोनमध्ये घराजवळच्या पार्किंगचे, गेटचे आणि अडचणीच्या वळणाचे फोटो

१. गाडी बघायच्या आधी जागा मोजा

तुमची गाडी वर्षातले बहुतेक दिवस कुठेतरी उभी असणार आहे. ती जागा पहिल्यांदा मोजा. नुसती लांबी नको. मागचे दरवाजे पूर्ण उघडायला गाडीच्या मागे किती जागा उरते, सरकता दरवाजा ज्या बाजूला आहे तिकडे माणूस उतरू शकतो का, गेटमधून आरशांसकट गाडी जाईल का, हे सगळं बघा. मोठ्या व्हॅनचं अंग सुमारे २.०५ मीटर रुंद असतं, पण आरसे धरले तर अडीच मीटर सहज भरतं. माहितीपत्रकात बहुतेक वेळा आरशांशिवायची रुंदी ठळक छापलेली असते, तेव्हा तेवढ्यावर जाऊ नका.

मग ज्या भागात फिरायचं आहे तिथली पार्किंगची चौकट बघा. ब्रिटनमध्ये चौकटीचं रूढ माप ४.८ बाय २.४ मीटर आहे, जर्मनीत लांबी ५ मीटरच्या आसपास असते. म्हणजे पाच मीटर ही पहिली खरी सीमारेषा. तिच्या आत असलेली गाडी कुठल्याही मोटारीसारखी लावता येते. तिच्या पुढे गेलात की नाक किंवा शेपूट बाहेर राहतं, आणि मग मागे गवताचा किंवा फुटपाथचा पट्टा असलेली जागा शोधत फिरावं लागतं.

दुसरी सीमारेषा सहा मीटर. बऱ्याच फेरी बोटींचं भाडं लांबीवर ठरतं आणि त्यांच्या दरपत्रकात सहा मीटरला एक पायरी असते. काही पार्किंगमध्येही तसंच. इतक्या व्हॅन ५.९९ मीटरच्या का असतात याचं कारण इथे सापडतं.

तिसरी सीमारेषा उंचीची आहे, पण ती लांबीशी बांधलेली असल्याने इथेच उरकते. छप्पर असलेल्या पार्किंगचा दांडा बऱ्याच ठिकाणी दोन मीटरच्या आसपास असतो. फ्रान्सच्या टोलनाक्यांवर वर्ग ठरतो तोही आधी उंचीवरून: दोन मीटरपर्यंतची गाडी पहिल्या वर्गात, दोन ते तीन मीटरची दुसऱ्या. पाच मीटरच्या आसपासच्या पॉप-टॉप (छत वर उघडणाऱ्या) कॅम्पर १.९८ किंवा १.९९ मीटरवर का थांबतात ते यावरून लक्षात येईल. वर छत्रीची पेटी बसवली की तो फायदा गेला. (छत्री म्हणजे बाजूला उघडणारं गुंडाळतं छत. ते छताच्या कडेला बसवतात आणि उंची हळूच वाढते. ही गोष्ट विक्रेता आपणहून सांगत नाही.)

वहीत तीन जागा लिहा: रोजची, सगळ्यात अडचणीची, आणि जिथे जायचंच आहे अशी. तीनपैकी सगळ्यात लहान माप म्हणजे तुमची वरची मर्यादा.

२. आता स्वतःला मोजा

झोपायला लागणारी लांबी म्हणजे तुमची उंची अधिक दहा सेंटिमीटर. उशी वर सरकते, पाय खाली सुटतात. पोटावर झोपणाऱ्यांनी पंधरा धरावेत. कुशीवर पाय दुमडून झोपणाऱ्यांना सूट आहे, पण ती सूट दोघांनाही एकदम लागू होते का ते बघा.

हे माप घेतल्यावर खरा प्रश्न समोर येतो: पलंग आडवा की उभा? आडवा म्हणजे गाडीच्या रुंदीत, डोकं एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या. उभा म्हणजे गाडीच्या लांबीत. लांबीचा सगळा झगडा इथे सुरू होतो.

आडवा पलंग गाडीच्या आतल्या रुंदीवर अवलंबून असतो, आणि ही रुंदी प्रत्येक गाडीची वेगळी असते. रिकाम्या, माल वाहणाऱ्या व्हॅनमध्ये सगळ्यात रुंद ठिकाणी फियाट डुकाटोत १.८७ मीटर मिळतात, फोक्सवॅगन क्राफ्टरमध्ये सुमारे १.८३, मर्सिडीज स्प्रिंटर आणि फोर्ड ट्रान्झिटमध्ये सुमारे १.७९. यातून दोन्ही बाजूंचं इन्सुलेशन आणि आतलं पॅनेल वजा होतं. चांगला कारागीर पत्र्याच्या बरगड्यांमधल्या खोबणीत शिरून थोडी जागा परत मिळवतो, काही जण बाहेरून फुगीर पॅनेल बसवतात. डुकाटोवर इतक्या कॅम्पर का बनतात याचं अर्धं उत्तर या १.८७ मध्ये आहे. त्याच्या भिंती उभ्या आहेत, आणि पुढच्या चाकांना ताकद जात असल्याने मागे जाणारा दांडा नसतो, म्हणून फरशीही खाली आहे. पीजो बॉक्सर आणि सित्रोएन जंपर या त्याच्याच जुळ्या बहिणी.

तुम्ही दोघंही १.७५ मीटरच्या आत असाल तर डुकाटोइतक्या रुंद गाडीत आडवा पलंग धरा. १.७५ ते १.८५ मध्ये असाल तर प्रत्येक गाडीत प्रत्यक्ष झोपून बघायचं. त्याच्या वर असाल तर उभ्या पलंगाकडे वळा. माझा नवरा १.८६ मीटर आहे, म्हणून आमच्याकडे हा मुद्दा वादाला उरलाच नाही.

आडव्या पलंगाची आणखी एक गंमत कुणी बोलून दाखवत नाही. रात्री आतल्या बाजूच्या, म्हणजे मागच्या दरवाजाला लागून झोपलेल्या माणसाला उठायचं झालं की त्याला दुसऱ्याच्या अंगावरून यावं लागतं. पलंगाखाली सामानाचा कप्पा असतो, म्हणून पलंग कमरेइतका उंच. अंधारात गुडघा कुणाच्या पोटावर आणि डोकं वरच्या कपाटाला. वयानुसार आणि झोपेच्या सवयीनुसार ही गोष्ट हसण्यावारी जाते किंवा रोजची भांडणं होतात.

३. लांबीचे गट ओळखून घ्या

बाजारात शंभर नावं दिसली तरी लांब्या मोजक्याच आहेत, कारण खालची मूळ व्हॅन मोजक्याच कारखान्यांतून येते.

*साडेचार ते पावणेपाच मीटर.* फोक्सवॅगन कॅडी (४.५० मीटर, लांब मॉडेल ४.८५), सित्रोएन बर्लिंगोसारख्या गाड्या (४.४० आणि ४.७५). ही मुळात मोटारच, मागे पलंग असलेली. स्वयंपाक मागचा दरवाजा उघडून बाहेर. उभं राहणं नाही, टॉयलेट नाही. एकटा माणूस, किंवा आठवड्याच्या शेवटी बाहेर पडणारं जोडपं यांना उत्तम. पावसाळी हवेत चौथ्या दिवशी चिडचिड होते. जपानमध्ये हायएस ४.६९५ मीटर लांब आणि १.६९५ मीटर रुंद का आहे, तर तिथल्या लहान मालवाहू वर्गाची हद्द ४.७ बाय १.७ मीटर आहे म्हणून. त्याहून खालचा केई वर्ग तर ३.४ मीटर लांब आणि १.४८ मीटर रुंदीत संपतो, आणि लोक त्यातही पलंग बसवतात.

*पाच मीटरच्या आसपास.* फोक्सवॅगन टी६.१ कॅलिफोर्निया (४.९० मीटर), मर्सिडीज मार्को पोलो (५.१४), त्यानंतरची नवी कॅलिफोर्निया (५.१७), रेनो ट्रॅफिकवर बांधलेल्या कॅम्पर (५.०८). छत वर उघडतं, वर कापडी भिंतींच्या आत एक पलंग, खाली बाक मोडून दुसरा. ही कॅम्पर रोज ऑफिसलाही नेता येते. किंमत मात्र हिची लांबीच्या मानाने चढीच असते. वरचा पलंग कायम गादीसकट तयार राहतो, म्हणून तुम्ही दोघंच असाल आणि वर चढायला हरकत नसेल तर माझी अट इथेही पूर्ण होते. पण वाऱ्यात कापड फडफडतं, थंडीत ऊब टिकत नाही, आणि पावसात ओलं छत मिटवावं लागलं तर दुसऱ्या रात्री ओल्या कापडाच्या वासात झोपायचं.

*५.४१ मीटर.* डुकाटोचं मधलं माप. इथे पहिल्यांदा उंच छत, कायमचा आडवा पलंग, बाथरूम आणि ओटा असं सगळं एका गाडीत बसतं. बसतं म्हणजे बसतं एवढंच. एकाने ओट्याशी उभं राहिलं की दुसऱ्याने बसायचं. तरीही दोन मध्यम उंचीच्या माणसांना मी पहिल्यांदा हीच लांबी बघायला सांगेन.

*सहा मीटर.* डुकाटो ५.९९, क्राफ्टर ५.९९, ट्रान्झिट ५.९८, स्प्रिंटर ५.९३. सगळ्यात जास्त पर्याय इथे आहेत, जुन्या बाजारातही. कारखान्यातून थेट येणारी फोक्सवॅगनची ग्रँड कॅलिफोर्निया ६०० याच मापाची, आडव्या पलंगाची.

*६.३६ आणि पुढे.* उभ्या पलंगांचं राज्य. ग्रँड कॅलिफोर्निया ६८० ही ६.८४ मीटर आहे आणि तिच्यात पलंग उभा आहे. तिच्या धाकट्या बहिणीत तो आडवा आहे. ८५ सेंटिमीटरचा फरक कशासाठी मोजायचा, ते या पलंगांवरूनच कळतं.

४. आतल्या लांबीचा हिशोब मांडा

हा टप्पा घाईत उरकू नका, कारण सगळा निर्णय इथे होतो.

डुकाटोच्या मालवाहू व्हॅनमध्ये पुढच्या सीटच्या मागून मागच्या दरवाजापर्यंत मोकळी लांबी अशी असते: ५.४१ मीटरच्या गाडीत ३.१२ मीटर, ५.९९ मध्ये सुमारे ३.७०, ६.३६ मध्ये ४.०७. पुढच्या दोन सीट उलट फिरवून बैठकीत घेता येतात, म्हणून केबिन पूर्ण वाया जात नाही. तरी सगळं सामान बसवायचं ते या आकड्यात.

आता पलंग वजा करा. दोघांचा आडवा पलंग मागे साधारण १.३५ मीटर खातो. उभा पलंग १.९५.

५.४१ मध्ये आडवा: उरले १.७७.
५.९९ मध्ये आडवा: उरले २.३५.
५.९९ मध्ये उभा: उरले १.७५.
६.३६ मध्ये उभा: उरले २.१२.

पहिली आणि तिसरी ओळ पुन्हा वाचा. ५.४१ ची आडव्या पलंगाची गाडी आणि ५.९९ ची उभ्या पलंगाची गाडी, यांच्यात जागेपणी वावरायची जागा सारखीच आहे. म्हणजे पाय सरळ करून झोपण्याची किंमत जवळपास साठ सेंटिमीटर गाडी. उंच माणसाला ती द्यावीच लागते. पण तुम्ही दोघंही १.७० च्या आत असाल आणि सहा मीटरची उभ्या पलंगाची गाडी घेत असाल, तर त्या साठ सेंटिमीटरमध्ये तुम्ही फक्त रात्री एकमेकांना न ओलांडण्याची सोय विकत घेताय. काहींना तीही पैसे वसूल वाटते. निदान आपण काय विकत घेतोय ते माहीत असावं.

उरलेल्या १.७७ मीटरमध्ये काय बसतं? एका बाजूला बेल्ट असलेला दोघांचा बाक, ९० सेंटिमीटर. त्याच्यामागे बाथरूम, ८०. समोरच्या बाजूला ओटा, आणि त्याचा एक कोपरा हमखास सरकत्या दरवाजात आलेला. संपलं. फ्रिज ओट्याखाली गेला तर कपाट कमी, फ्रिज उभा केला तर ओटा कमी. मागच्या सीटवर कुणी बसणारच नसेल तर तो बाक काढून टाकणारे बांधणीवाले आहेत, आणि मग याच ५.४१ मध्ये चक्क ऐसपैस वाटतं.

हा हिशोब कागदावर कळत नाही. घरात चिकटपट्टीने जमिनीवर १.८० बाय ३.१२ चा चौकोन आखा. त्यात पलंग, बाक, बाथरूम, ओटा आखा. मग दोघांनी आत उभं राहून चहा करण्याचं, बूट घालण्याचं, अंथरूण नीट करण्याचं नाटक करा. शेजारी बघत असतील तर बघू देत. दहा मिनिटांत समजेल की मधली वाट ५० सेंटिमीटरची हवी की ४० ची चालेल.

५. कागदावरची लांबी आणि रस्त्यावरची लांबी

नोंदणीतल्या लांबीत सायकलचा स्टँड नसतो, बहुतेकदा टो-बारही (मागे ट्रेलर जोडायचा दांडा) नसतो. बोटीवर चढवताना मात्र टोकापासून टोकापर्यंत मोजतात. ५.९९ ची गाडी मागे दोन सायकली लावल्या की साडेसहाच्या पुढे जाते, आणि सहा मीटरसाठी केलेला सगळा आटापिटा पाण्यात. सायकली नेणारच असाल तर पलंगाखालच्या कप्प्यात त्या बसतात का ते आधी बघा. आडव्या पलंगाच्या गाडीत पुढचं चाक काढून बऱ्याचदा बसतात.

दुसरी गोष्ट व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराची. वाढीव लांबी गाडीच्या कुठल्या भागात गेली आहे, ते यावरून कळतं. डुकाटो ५.४१ वरून ५.९९ वर जाते तेव्हा वाढलेली सगळी लांबी चाकांच्या मध्ये जाते: व्हीलबेस ३.४५ वरून ४.०३५ मीटर होतो. म्हणून वळायला लागणारं वर्तुळ मोठं होतं, सुमारे साडेबारा मीटरवरून सव्वाचौदाच्या आसपास. जिथे ५.४१ एका झटक्यात वळते, तिथे ५.९९ ला एकदा मागे घ्यावं लागतं. गावातल्या बोळात आणि डोंगरातल्या यू-वळणावर हा फरक रोज जाणवतो.

पुढे ५.९९ वरून ६.३६ वर जाताना उलट होतं. व्हीलबेस तोच राहतो आणि वाढलेले जवळपास ३७ सेंटिमीटर मागच्या चाकांच्या मागे लोंबतात. वळणाचा घेर वाढत नाही. पण तुम्ही उजवीकडे वळलात की शेपूट डावीकडे झोकते, आणि पेट्रोलपंपाचा खांब नेमका तिथे असतो. बोटीच्या उतरत्या फळीवर मागचा भाग घासण्याची भीतीही वाढते. वर मागे सायकली आणि सामान भरलं की पुढची चाकं हलकी होतात. पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी ओल्या गवतावर जागच्या जागी फिरत बसते.

जुनी लांब गाडी बघायला गेलात तर मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांवरून हात फिरवा. आधीच्या मालकाने लांबी कशी सांभाळली, ते तिथे लिहिलेलं असतं.

६. वजन विसरू नका

लांब गाडी म्हणजे जास्त पत्रा, जास्त फर्निचर, जास्त काच. अनेक युरोपीय देशांत नेहमीचं बी वर्गाचं लायसन्स ३,५०० किलोपर्यंत चालतं, म्हणून बहुतेक कॅम्पर त्याच आकड्यात बसवलेल्या असतात. गाडी जितकी लांब तितकं तुमच्या सामानासाठी उरतं कमी. लांब गाडीत कपाटं मोठी आणि भरायची परवानगी छोटी, असा उफराटा प्रकार होतो.

उदाहरणादाखल, तयार गाडीचं वजन चालकासकट ३,०५० किलो असेल तर उरले ४५०. दुसरा माणूस ७५, बाजूचं छत ३०, जादा बॅटरी २५, स्टँडसकट दोन सायकली ५०. इथेच १८० गेले. पाण्याची १०० लिटरची टाकी पूर्ण भरली तर आणखी १००, कारण माहितीपत्रकातल्या वजनात टाकी बऱ्याचदा जेमतेम ओली धरलेली असते. टाकीत किती लिटर धरलंय, हा प्रश्न विक्रेत्याला सरळ विचारा. उत्तर "भरलेली" असं आलं तर ते लेखी मागा.

७. गाडी बघायला जाताना

नुसतं आत डोकावून "छान आहे" म्हणून परत येऊ नका. क्रमाने हे करा:

बूट काढून दोघांनी एकाच वेळी पलंगावर झोपा. पाच मिनिटं पडून राहा. पायाची बोटं भिंतीला टेकतात का, खांदे कपाटाला लागतात का बघा. मग आतल्या माणसाने उठून बाथरूमपर्यंत जावं.

टेपने गादी मोजा. माहितीपत्रकातली पलंगाची रुंदी सगळ्यात रुंद टोकाला घेतलेली असते, आणि पायाकडे तो पलंग निमुळता होत गेलेला असतो. दोन्ही टोकं मोजा.

बाथरूमचं दार लावून आत बसा. गुडघे, कोपर, डोकं. पूर्ण कपड्यात आहात हे लक्षात ठेवा.

पुढच्या सीट स्वतः फिरवा. हँडब्रेक आड येतो का, दार उघडावं लागतं का? विक्रेत्याचा हात सरावलेला असतो, तुमचा नाही.

सरकता दरवाजा लावून आत उभं राहा. दालनात तो नेहमी उघडा ठेवतात, म्हणून प्रत्येक गाडी मोठी वाटते. दार लावल्यावर जे वाटतं ते खरं.

एका दिवशी तीनपेक्षा जास्त गाड्या बघू नका. चौथीपासून सगळ्यांचे ओटे डोक्यात एकत्र होतात.

८. आधी भाड्याने घ्या, आणि चुकीची लांबीही घ्या

भाड्याने घेऊन बघा हा सल्ला सगळेच देतात. त्यात माझी एक भर: मनात ठरवलेली लांबी घ्याच, पण दुसऱ्या खेपेला तिच्या एक पायरी वरची किंवा खालची घ्या. फरक त्याशिवाय कळत नाही. सहा मीटरमध्ये चार रात्री काढलेल्याला ५.४१ मध्ये एकच रात्र काढली की नेमकं काय नसल्याची चुटपुट लागते ते समजतं, आणि बहुतेकदा ती चुटपुट जागेची नसून कपाटाची असते.

चांगल्या हवेतले दिवस निवडू नका. ऊन असलं की प्रत्येक गाडीचं अंगण मोठं असतं. दिवसभर पाऊस, ओले बूट, दार बंद, आणि दोघंही आत: लांबीची परीक्षा अशा दिवशी होते. भाड्याच्या गाडीने निदान एकदा बाजाराच्या दिवशी जुन्या गावातून जा आणि एकदा छप्पर असलेल्या पार्किंगच्या दांड्यापर्यंत जाऊन परत फिरा.

९. कागदपत्रं

जुनी गाडी असेल तर हे सगळं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका:

- नोंदणी प्रमाणपत्र: लांबी, उंची, कमाल वजन आणि सीटची संख्या प्रत्यक्ष गाडीशी ताडून बघा. नंतर बसवलेलं उंच छत किंवा बाक त्यात चढवलेला नसेल तर विम्याचा दावा अडकू शकतो.
- कॅम्पर म्हणून वर्गाची नोंद. काही गाड्या कागदावर अजून मालवाहूच असतात.
- मागच्या बाकाच्या आणि बेल्टच्या मंजुरीचे कागद.
- गॅसजोडणीच्या तपासणीचा दाखला, ओलाव्याच्या तपासणीचा अहवाल असल्यास तो.
- काट्याची पावती. नसेल तर गाडी घेऊन स्वतः वजनकाट्यावर जा. मालक कां-कूं करू लागला तर उत्तर मिळालंच.
- सर्व्हिसची वही, टायरवरचं वर्ष आणि भारक्षमता.

नवी गाडी मागवत असाल तर ऑर्डरच्या कागदावर तीन आकडे लेखी घ्या: सगळ्या जोडण्यांसकट एकूण लांबी, सगळ्या जोडण्यांसकट उंची, आणि तयार गाडीचं वजन. "साधारण सहा मीटर" असं लिहिलेलं चालवून घेऊ नका, ५.९९ आणि ६.०४ यांच्यात बोटीवर पैशांचा फरक पडतो. टो-बार पुढे बघू म्हणून सोडला असेल तर त्याची वायरिंग आत्ताच ओढून घेणार का, तेही त्याच कागदावर लिहून घ्या; फर्निचर बसल्यावर ती ओढायची म्हणजे मागचं निम्मं पॅनेल उघडावं लागतं.